कोआलांच्या पाहणीत आणि झाडे लावण्यात सामान्य माणसाचा खरोखर उपयोग होतो का?

ब्रिस्बेनला नव्याने आल्यावर कोआलांच्या पाहणीसाठी आणि झाडे लावण्यासाठी आपले रविवार द्यावेत का, की हे सारे फोटोपुरतेच असते, असे आपण विचारले आहे. फोटोपुरते कसे असते तेही मी जवळून पाहिले आहे, म्हणून लिहितो.

मी शहराच्या पूर्वेला, रेडलँड्समध्ये राहतो. 'कोआला कोस्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात १९९६ ते २०१४ या काळात कोआलांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली, आणि २०२२ साली क्वीन्सलँडमधील कोआला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. आमच्या गटाच्या प्रमुखांचे मात्र ठाम मत होते की ओढ्यामागच्या झाडीत तीन वर्षांत कोणाला कोआला दिसलेला नाही, त्यामुळे तिथे तो नाहीच. दिवसाचे अठरा-वीस तास फांदीच्या बेचक्यात झोपणारा प्राणी वर पाहून दिसत नाही, केवळ मान दुखते. पाहायचे असते ते जमिनीवर. एकूण तीस झाडे घ्यायची, प्रत्येक बुंध्याभोवती मीटरभर अंतरातला पालापाचोळा दोन मिनिटे हाताने चाळायचा आणि लेंड्या शोधायच्या. बाविसाव्या झाडाशी, कुंपणाच्या कोपऱ्यातल्या 'फॉरेस्ट रेड गम' या निलगिरीच्या झाडाखाली, मला चार सापडल्या. शेळीच्या लेंडीपेक्षा लांबट, टणक, आणि मोडली की आत बारीक चोथा व निलगिरीच्या तेलाचा वास. एक मोडून मी त्या गृहस्थांच्या तळहातावर ठेवली आणि वास घ्या म्हणालो. ते काही बोलले नाहीत.

तरीही त्या वर्षीची तीनशे रोपे लागली ती हमरस्त्यापलीकडच्या बागेत, कारण तिथे गाड्या लावायला आणि पाहुण्यांना उभे करायला जागा होती. कोआला एका झाडावरून दुसऱ्याकडे जमिनीवरून चालत जातो आणि नेमका तिथेच गाड्यांना व कुत्र्यांना बळी पडतो. अशा प्राण्याचे खाद्य रस्त्यापलीकडे लावणे म्हणजे त्याला रस्ता ओलांडायचे आमंत्रण देणे, हे मी बैठकीत दोनदा सांगितले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निम्म्याहून अधिक रोपे वाळली, कारण पाणी घालायला कोणीच फिरकले नाही. कोआलांच्या दृष्टीने ते बरेच झाले, असे मी आजही म्हणतो.

आम्ही चौघांनी मग ओढ्यामागची झाडी आणि पुढची राई यांमधला मोकळा पट्टा धरला. तिथले खरे काम लावण्याचे नव्हते, काढण्याचे होते. सह्याद्रीत जिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात तीच इथेही माजली आहे, आणि तिच्या दाट जाळीतून कोआलाला चालता येत नाही. दोन हिवाळे ती उपटल्यावर चाळीस रोपे लावली, प्रत्येकाला वॉलबींपासून, म्हणजे छोट्या कांगारूंपासून, जाळीचे संरक्षण दिले आणि वर्षभर पाळीने पाणी घातले. (रेड गम ही आपल्याकडे बांधांवर लावलेल्या निलगिरीचीच जात. विहीर आटवते म्हणून ती तोडणारे माझे काका अजून फोनवर विचारतात, "तू तिथे निलगिरी लावतोस?" इथे ते झाड आपल्या घरी आहे, हे त्यांना पटत नाही.)

तेव्हा आपण जरूर जावे, पण आधी पाहणीला, आणि रोपे लावायला बोलावणाऱ्या प्रत्येक गटाला पुढच्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे विचारावे. काहीच न सापडल्याची नोंदही तितक्याच काळजीने करावी. सांगायचे राहिले ते असे की कोणती झाडे लावावीत हे मातीवर ठरते, त्यामुळे आम्ही लावली तीच झाडे डोळे झाकून लावू नयेत; डोळे लाल किंवा मागचा भाग ओलसर, मळकट असलेला कोआला दिसला तर हात न लावता वन्यजीव बचाव पथकाला फोन करावा; आणि जुनी उभी झाडे तुटत राहिली तर आमची चाळीस रोपे त्यांची जागा भरून काढणार नाहीत, हेही मान्य करतो.

गेल्या ऑगस्टमध्ये, सात वर्षांच्या आमच्या एका रेड गमखाली दोन लेंड्या मिळाल्या. त्या पॉसमच्या, म्हणजे झाडांवर वावरणाऱ्या इथल्याच दुसऱ्या एका प्राण्याच्या, असतील, असे प्रमुखांनी कळवले. मी त्या डबीत ठेवल्या आहेत, वास घ्यायला त्यांनी केव्हाही यावे.