इंदुरात सकाळी मावशीची साखळी हिसकावली, पोलीस ठाण्यात नुसतं आवेदन घेतलं, नातेवाईक उलट मावशीलाच बोल लावतायत. आम्हाला काही हक्क आहेत का?

आहेत, पण मागावे लागतात, तेही कागदावर. मी इथे एका वकिलांकडे मुनशी आहे, म्हणून हे रोज बघतो.

आवेदनावर ठाण्याचा शिक्का मारून दिला म्हणजे एफआयआर झाली असं नाही. त्यावर अपराध क्रमांक आहे का, ते आधी बघा. मग मजकूर मावशींना वाचून दाखवा. 'चेन छीनी' असं सांगूनही कागदावर 'चेन कहीं गिर गई' आलेलं मी पाहिलंय. पडली म्हटलं की गुन्हाच उरत नाही आणि ठाण्याचा आकडाही वाढत नाही! खरं तर 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 304 मध्ये हिसकावणी हा वेगळा गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत शिक्षेचा.

टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, दाद देत नसतील तर लेखी तक्रार वरिष्ठांना स्पीड पोस्टने पाठवा. आपल्याकडे पोलीस कमिश्नरी (आयुक्तालय) आहे, तेव्हा तुमच्या झोनच्या डीसीपींना. तिथेही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे 90 दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आता नातेवाइकांचं. 'एवढ्या सकाळी सोनं घालून जायचंच कशाला?' असं ते विचारतात म्हणता. विचारणारच. चोर समोर नसतो, मावशी समोर असतात, म्हणून जाब त्यांनाच. पण मला जास्त चीड येते ती सीसीटीव्हीच्या क्लिपची. बाई रस्त्यावर फरफटतेय आणि कॉलनीच्या ग्रुपवर 'सतर्क रहें' म्हणून तेच दहा जण पुढे ढकलतायत. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. साखळीवाल्या बाईला तेवढं कवच नाही. तेव्हा कॅमेरा ज्यांचा आहे त्यांना आजच गाठा. फुटेज पोलिसांना द्या म्हणावं, ग्रुपवर नको. उशीर केलात तर जुन्यावर नवं चढतं.

ओढताना मावशी पडल्या असतील, मानेला ओरखडा असेल, तर मेडिकल करून घ्या. दुखापत कागदावर आली तर कलमंही बदलू शकतात.

साखळी सापडली तरी ठाण्यातून सरळ हातात येत नाही, कोर्टातून सुपुर्दगीवर, म्हणजे मागितली तर परत हजर करू असं लिहून देऊन, सोडवावी लागते. त्यासाठी बिल शोधून ठेवा. नसेल तर सराफ्यातल्या तुमच्या सोनाराकडे जुनी नोंद निघते का बघा, आणि एखाद्या लग्नातला फोटो काढून ठेवा, ज्यात साखळी गळ्यात स्पष्ट दिसते.