बीटी कापसाचे महाग बियाणे कोरडवाहू शेतकऱ्याला परवडते का?

परवडते, परंतु दरवर्षी आणि सर्वांना सारखे नाही. बीटी वाणात एका जिवाणूचे जनुक घातलेले असते; त्यामुळे झाडातच बोंडअळीला मारक विष तयार होते आणि अळीमुळे होणारे नुकसान टळते. त्यामुळे ज्या वर्षी अळीचा प्रादुर्भाव कमी, त्या वर्षी बियाण्यावरील जादा खर्चाचा मोबदला दिसत नाही. 2002 मध्ये भारतात परवानगी मिळाल्यानंतर पहिली काही वर्षे हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या आणि खरी बचत तिथेच झाली. पुढे गुलाबी बोंडअळी या विषाला सरावली, आणि 2017 मध्ये विदर्भात बियाण्याबरोबर फवारणीचाही खर्च पुन्हा अंगावर पडला. तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींवर तर बीटीचा परिणाम मुळातच होत नाही.

आपल्याकडे हे तंत्रज्ञान बहुतांशी संकरित वाणांतच आल्याने बियाण्याचे पाकीट दर हंगामात नव्याने घ्यावे लागते, आणि पावसाने दडी मारून दुबार पेरणीची वेळ आणली, तर तोच खर्च दुप्पट होतो. माझ्या मते कोरडवाहू शेतकऱ्याचे गणित अळीपेक्षा इथे अधिक बिघडते. ओलिताखाली उत्पादन जास्त असल्याने हा खर्च सहसा निघतो. मात्र फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही त्याच झाडांपासून आणखी कापूस घेण्याच्या, मोहाने पीक उभे ठेवले, तर गुलाबी अळीला खाद्य मिळत राहते.