टार बॅकअप (सगळ्या फायलींची एकत्र बांधलेली फाइल) नव्या एसएसडीवर उलगडला, ग्रब हा बूटलोडरही बसवला, तरी लिनक्स 'इनिटरामएफएस'च्या, म्हणजे बूट होतानाच्या तात्पुरत्या छोट्या सिस्टिमच्या, प्रॉम्प्टवर का अडकते?

फायली बहुधा नीट आल्या आहेत, डिस्कची ओळख बदलली आहे. पार्टिशन फॉरमॅट केले की त्याला नवा यूयूआयडी, म्हणजे नवा ओळख-क्रमांक, मिळतो. बॅकअपमधून आलेल्या ग्रबच्या कॉन्फिग फाइलमध्ये आणि एफएसटॅबमध्ये (कोणते पार्टिशन कुठे जोडायचे याची यादी) मात्र जुनाच असतो. ग्रब बसवला, पण ती फाइल नव्याने तयार केली नाही, तर असेच होते: कर्नल लोड होतो, जुन्या यूयूआयडीचे रूट (मुख्य सिस्टिमचे पार्टिशन) शोधत बसतो आणि शेवटी हात टेकतो.

उबुंटू किंवा डेबियन आणि यूईएफआय मशीन धरून सांगतो. लाइव्ह यूएसबीवरून बूट करा आणि आधी /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर आहे का पाहा. नसेल तर यूएसबी यूईएफआयऐवजी जुन्या बायोस पद्धतीच्या लेगसी मोडमध्ये चालू झाली आहे आणि ग्रब पुढे नक्की अडेल. मग रूट पार्टिशन /एमएनटीवर आणि ईएफआय पार्टिशन त्याच्या आत बूट/ईएफआयवर माउंट करा. 'ब्लकआयडी' चालवून नवे यूयूआयडी घ्या आणि /एमएनटी/ईटीसी/एफएसटॅबमध्ये रूट, ईएफआय, स्वॅप या तिन्ही ओळी बदला. ईएफआयचा यूयूआयडी छोटा दिसेल, मध्ये डॅश आणि दोन्हीकडे चार-चार अक्षरे. ते पार्टिशन फॅट फॉरमॅटचे असते आणि फॅटचा तसाच असतो, घाबरू नका.

आता डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चारही 'माउंट --आरबाइंड'ने /एमएनटीच्या आत जोडा. साधा बाइंड केलात तर सिसच्या आतले ईएफआयव्हार्स (फर्मवेअरच्या बूट सेटिंगचे फोल्डर) येत नाही आणि बूट एंट्री लिहिली जात नाही. सीएचरूट करून, म्हणजे /एमएनटीमधल्या सिस्टिमच्या आत शिरून, ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-इनिटरामएफएस (-यू -के ऑल) आणि अपडेट-ग्रब चालवा. ग्रबची कॉन्फिग फाइल या शेवटच्या कमांडने नव्याने तयार होते.

'ट्यून२एफएस -यू'ने (यू मोठ्या लिपीतला) नव्या पार्टिशनला जुनाच यूयूआयडी देता येतो, पण जुनी डिस्क कधी सोबत जोडलीत तर कोणते रूट उचलले जाईल याचा भरवसा नाही. मी एफएसटॅबच बदलेन.

आता टारबद्दल. उलगडताना '--न्यूमरिक-ओनर' दिला नसेल तर टार लाइव्ह सिस्टिममधल्या नावांवरून मालक ठरवतो आणि काही सेवांच्या फायली भलत्याच यूजरच्या होतात. फायलींना जोडलेली जादा माहिती, म्हणजे ॲट्रिब्यूट, परत आणायला नुसते '--एक्सॲटर्स'ही पुरत नाही: उलगडताना टार फक्त 'यूजर'ने सुरू होणारे ॲट्रिब्यूट परत लावतो, त्यामुळे फाइल कॅपॅबिलिटी (प्रोग्रामना दिलेले खास अधिकार) गळतात. सोबत '--एक्सॲटर्स-इन्क्लूड' देऊन अवतरणात तारांकन टाकावे लागते. अर्थात बॅकअप घेतानाच '--एक्सॲटर्स' दिलेला नसेल, तर परत लावायला काही नाहीच. टीएमपी फोल्डर बॅकअपमधून वगळले असेल तर ते हाताने बनवा, परवानगी १७७७.

एवढे करून मशीन ९० सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये गेले, तर रूट सापडले आहे, एफएसटॅबमधली दुसरी एखादी ओळ चुकली आहे. बहुतेक वेळा ईएफआयचीच.