खिडकीवरची चिठ्ठी

प्रिय,

विद्यापीठाच्या जागा आणि परिसर वापरण्याच्या नियमांचा तुझा मसुदा मिळाला. अठरा पानं आणि वर तीन परिशिष्टं. काल दोनदा वाचला. भाषा नेटकी आहे, व्याख्या चोख आहेत, पण वाचताना मला सारखी एक चिठ्ठी आठवत होती. आधी तिच्याबद्दल सांगते, मग विद्यापीठातली वरची माणसं नेमकं काय चालवतात, या तुझ्या प्रश्नाकडे वळते.

मी कुलसचिव होऊन वर्षही झालं नव्हतं. सभागृहं, वर्गखोल्या आणि मैदान कार्यक्रमांना कुणाला द्यायचं, यावरून रोज कुणीतरी भांडत माझ्या दालनात यायचं. म्हणून मी परिपत्रक काढलं. अर्ज सात दिवस आधी, विभागप्रमुखांची शिफारस, मालमत्ता विभागाचं ना-हरकत, सुरक्षा अधिकाऱ्यांची सही. व्यवस्थापन परिषदेनं ते एकमतानं मंजूर केलं आणि मी खूश. चारेक महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी हे अर्ज घेणाऱ्या खिडकीपाशी गेले. काचेवर माझं परिपत्रक चिकटवलेलं होतं आणि त्याखाली वहीच्या फाडलेल्या पानावर निळ्या शाईत एक ओळ: ‘शनिवारी अर्ज घेतले जाणार नाहीत.’

हा नियम कुणी केला, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. खिडकीमागचे लिपिक शांतपणे म्हणाले, “मॅडम, शनिवारी मालमत्ता विभागात सही करणारं कुणी नसतं. अर्ज घेतला की मुलं मला विचारतात, सात दिवस आजपासून धरायचे की सही होईल त्या दिवसापासून? ते तुमच्या कागदात नाही.”

खरंच नव्हतं. मी, परिषदेचे सगळे सदस्य, कायदा सल्लागार, कुणालाच ते सुचलं नव्हतं. आम्ही ठेवलेलं भोक त्या माणसानं आपल्या परीनं बुजवलं होतं, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं विद्यापीठाचं धोरण म्हणजे ती निळी ओळच होती. बरीचशी मुलं तर अर्ज करायचंच सोडून जिन्यात बैठका घेऊ लागली होती. हे मला फार उशिरा कळलं. तक्रारी कमी झाल्या म्हणून उलट मी स्वतःची पाठ थोपटून घेत होते!

तू विचारलंस, ही वरची माणसं, म्हणजे कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, नेमकं चालवतात काय? बाहेरून वाटतं त्याच्या निम्मंही त्यांच्या हातात नसतं. प्राध्यापकाची निष्ठा आधी विषयाशी, मग विभागाशी, आणि उरलीच तर विद्यापीठाशी. विद्यार्थी चार वर्षांत बदलतात. मायकेल कोहेन, जेम्स मार्च आणि योहान ओल्सेन या तिघांनी 1972 मध्ये विद्यापीठांसारख्या संस्थांना ‘संघटित अराजक’ म्हटलं होतं: ध्येयं धूसर, कामाच्या पद्धती कुणालाच पुरत्या न उमगलेल्या, आणि निर्णयाला बसणारी माणसं दर वेळी वेगळी. अशा ठिकाणी समस्येला उत्तर शोधलं जातंच असं नाही. तयार उत्तरंच समस्या शोधत फिरतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते. त्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या वेळा ठरवायला बैठक घेतली आणि पाऊण तास वाहनतळावर चर्चा झाली. ज्याला जो प्रश्न छळत असतो, तो उघड्या दिसलेल्या पहिल्या बैठकीत टाकून मोकळा होतो. मग मी कार्यसूचीत मुद्दाम ‘परिसर सुविधा’ असा विषय वरच ठेवायला लागले. वाहनतळ तिथं आटोपला की ग्रंथालयाला वेळ मिळायचा. याला नेतृत्व म्हणायचं की चलाखी, ते तू ठरव.

आता तुझा मसुदा. कलम 9 पाहा: ‘परीक्षा काळात वर्गखोल्यांचे वाटप मालमत्ता विभाग करील.’ तुला ही खोल्यांची बाब वाटली, पण विद्या परिषदेला ती वेळापत्रकाची, म्हणजे शिकवण्याची बाब वाटेल आणि ते खवळतील. त्यांचं चुकणारही नाही. अमेरिकेत 1966 मध्ये प्राध्यापक, उच्चशिक्षण संस्था आणि नियामक मंडळं यांच्या संघटनांनी मिळून कुणी काय ठरवायचं याचं एक निवेदन तयार केलं. त्याचा गाभा सोपा आहे: अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, शिक्षकांच्या नेमणुका-बढत्या यांत प्राथमिक जबाबदारी शिक्षकांची; संस्थेचा अंतिम अधिकार नियामक मंडळाचा. मधला पट्टा मात्र वादाचाच राहतो, आणि तुझी वर्गखोली त्या पट्ट्यात येते. तेव्हा हे कलम मंजुरीला टाकण्याआधी अधिष्ठात्यांकडे घेऊन जा. बैठकीत पहिल्यांदा दिसलेला कागद माणसाला आपल्याविरुद्धच वाटतो.

कलम 12 मधली ऑनलाइन आरक्षण प्रणाली ‘सत्रारंभापासून सर्व विभागांत एकाच वेळी’ सुरू होणार, असं तू लिहिलंस. इथं मी थबकले. केंब्रिज विद्यापीठानं 2000 साली ‘कॅप्सा’ नावाची नवी लेखाप्रणाली सगळीकडे एकदम सुरू केली. विभागांचे रोजचे आर्थिक व्यवहार अडकले, विद्यापीठाची नाचक्की झाली, आणि 2001 मध्ये मायकेल शॅटॉक व अँथनी फिंकेलस्टाइन यांनी चौकशी अहवाल दिले. त्यांनी दोष एकट्या सॉफ्टवेअरच्या माथी मारला नाही. जबाबदारी नेमकी कुणाची, देखरेख कुणाची, जे वापरणार त्यांची तयारी झाली होती का, हे प्रश्न त्यांनी विचारले. शतकानुशतकं समित्यांवर चालत आलेल्या विद्यापीठाची ही गत. तू दोन विभागांपासून सुरुवात कर, त्यातला एक कटकट्या निवड. चुका तोच सापडवून देईल.

दुसऱ्या परिशिष्टातला वीस वर्षांचा परिसर आराखडा देखणा आहे. मला त्याची भीती वाटते. ऑरेगन विद्यापीठात 1970 च्या दशकात वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी असा ठाम अंतिम नकाशा आखणंच नाकारलं. त्याऐवजी तत्त्वं दिली: जे वापरणार त्यांनी काय बांधायचं ते ठरवावं, वाढ थोडी थोडी व्हावी, लहान, मध्यम आणि मोठ्या कामांना सारखाच निधी मिळावा, आणि परिसराचा कोणता भाग नांदता आहे, कोणता ओस पडलाय, याची दरवर्षी तपासणी व्हावी. निधीचं ते सूत्र मला कधीच पाळता आलं नाही. देणगीदाराला इमारतीवर नाव हवं असतं. गळका नळ बदलला म्हणून पाटी लागत नाही. पण वार्षिक तपासणी मी उचलली. वर्षातून एकदा अभियंता, एक सफाई कर्मचारी, दोन विद्यार्थी आणि मी असे पायी फिरायचो. कुठला दिवा बंद आहे, ते अभियंत्याआधी सफाई कर्मचाऱ्याला ठाऊक असायचं.

आणि नव्या इमारतीचा प्रस्ताव आला की मी एकच जादा कागद मागायचे: तिसऱ्या वर्षी हिची वीज, झाडलोट, दुरुस्ती कुठल्या लेखाशीर्षातून होणार? बांधकाम एकदाच होतं, खर्च दरवर्षी येतो, आणि अंदाजपत्रकाचा मोठा वाटा तर आधीच पगारांत गेलेला असतो. या एका कागदावर दोन प्रस्ताव आपोआप मागे गेले. लोक माझ्यावर नाराज झाले, ते मी सोसलं.

कलम 14 मधलं ‘विद्यापीठाच्या प्रतिमेस बाधा आणणारे कार्यक्रम’ खोडून टाक. प्रतिमा कुणाच्या डोळ्यांतली? एका कुलगुरूंना जे चालतं ते पुढच्यांना खुपतं, आणि मग तोच नियम सोयीनं वापरला जातो. शिकागो विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक हॅरी काल्व्हेन यांच्या समितीनं 1967 मध्ये भूमिका मांडली की टीका करणारे विद्यापीठात राहतात, पण विद्यापीठ स्वतः टीकाकार नव्हे. म्हणून चालू राजकीय वादांत संस्थेनं पक्ष घेऊ नये. मला ती सगळीच्या सगळी पटत नाही. गप्प बसणं हीसुद्धा कधी कधी बाजूच असते. पण तुझ्यापुरता त्यातला उपयोग असा, की वेळ, जागा, आवाज, गर्दीची मर्यादा, बाहेर पडायची दारं यांवर हवे तितके कडक नियम कर; कोण काय बोलणार यावर एकही नको. आणि हे आत्ताच लिही, परिसर शांत असताना. फाटकाबाहेर घोषणा सुरू झाल्यावर लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्या घोषणांना उत्तर म्हणूनच वाचलं जातं.

इतिवृत्ताबद्दल फार लिहीत नाही. ‘सविस्तर चर्चेअंती योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ असं वाक्य तुझ्या हातून गेलं, तर मी फोन उचलणार नाही.

मसुदा सोबत परत पाठवते आहे. ‘संबंधित विभाग’ हे शब्द जिथं जिथं आले तिथं मी लाल रेघ मारली आहे. सव्वीस वेळा आले आहेत. प्रत्येक ठिकाणी पद लिही, आणि त्या पदावरचा माणूस रजेवर असला तर सही कोण करणार तेही. त्याआधी एक पूर्ण दिवस खिडकीमागे, त्या लिपिकांशेजारी खुर्ची टाकून बस. शनिवार मिळाला तर उत्तम.

सस्नेह