मॉन्ट्रियल कॅनेडियन्स 1993 नंतर एकदाही जिंकले नाहीत, तरी लोक त्यांच्यासाठी एवढे वेडे का?

तुम्ही विचारलंय की मुलगा शिकायला मॉन्ट्रियलला गेलाय, फोन केला की अभ्यासाचं सोडून 'कॅनेडियन्स' नावाच्या आइस हॉकी क्लबाबद्दलच बोलतो, पण त्यांनी तर तीस वर्षांत काही जिंकलेलं दिसत नाही. मग हे नेमकं प्रकरण काय?

मी 2011 पासून इथे आहे आणि सुरुवातीला मलाही हेच कोडं पडलं होतं. मी आलो त्याच हिवाळ्यात क्लबाने एक तात्पुरता प्रशिक्षक नेमला. माणूस खेळातला जाणकार होता, पण इथल्या बहुतेकांची भाषा फ्रेंच, आणि त्याला ती येत नव्हती. तेवढ्यावरून गदारोळ झाला, लोक झेंडे घेऊन स्टेडियमबाहेर उभे राहिले. संघ हरतोय हे दुय्यम, प्रशिक्षक आपल्या भाषेत बोलत नाही हे मुख्य! तेव्हा लक्षात आलं की इथे खेळापेक्षा वेगळं काहीतरी चाललंय.

क्लब 4 डिसेंबर 1909 चा. ज्या एनएचएल लीगमध्ये (उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग) तो खेळतो, ती 1917 ची, म्हणजे लीगपेक्षा क्लबच जुना. गंमत म्हणजे त्याला पैसा पुरवला ओंटारियोतल्या अँब्रोज ओब्रायन या इंग्रजी बोलणाऱ्या श्रीमंताने. शहरातले बाकीचे नामांकित संघ इंग्रजांचे, तेव्हा फ्रेंच लोकांसाठी फ्रेंच खेळाडूंचा संघ काढला तर गर्दी जमेल, हा साधा धंद्याचा हिशोब. नावातलं 'कॅनेडियन' म्हणजे त्या काळी इथले फ्रेंच स्वतःलाच म्हणत. कपड्यावरचं 'सीएच' हे क्लब द हॉकी कानादियँ याचं लघुरूप.

आता मोरीस रिशार. (रिशारच म्हणा. रिचर्ड म्हणालात तर इथले लोक मनातल्या मनात तुमची इंग्रजी टोरांटोला बदली करतात.) कामगाराच्या घरातला मुलगा, 9 नंबर, टोपणनाव 'रॉकेट'. 1944-45 च्या हंगामात 50 सामन्यांत 50 गोल; असं आधी कोणालाही जमलं नव्हतं. त्या काळच्या मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच माणूस कारखान्यात राबायचा आणि वरचा साहेब इंग्रजीत हुकूम सोडायचा. रिशार त्या साहेबाला दर शनिवारी हरवतोय, असं लोकांना वाटे.

13 मार्च 1955 ला बॉस्टनमध्ये हॅल लेको नावाच्या खेळाडूची स्टिक रिशारच्या डोक्याला लागली, टाके पडले. रिशारने उलट त्याला स्टिकने झोडपलं आणि आवरायला आलेल्या पंचालाही ठोसे लगावले. चूक त्याचीच होती, मी त्याची बाजू घेणार नाही. पण लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला हंगामातले उरलेले सामने आणि वर पूर्ण प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे कपासाठीचे बाद सामने, अशी बंदी घातली. शिक्षा देणारा इंग्रज, शिक्षा झालेला फ्रेंच. गाव पेटायला एवढं पुरलं.

17 मार्चला क्लबाच्या घरच्या फोरम स्टेडियममध्ये डेट्रॉइटशी सामना होता. येऊ नका असं सांगूनही कॅम्पबेल आले आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले. त्यांच्यावर अंडी, टोमॅटो, हाताला लागेल ते पडू लागलं. मग कोणीतरी अश्रुधुराचा गोळा फोडला. सामना तिथेच थांबला आणि डेट्रॉइटला बहाल झाला. बाहेर सेंट कॅथरिन रस्त्यावर रात्रभर काचा फुटत होत्या. दुसऱ्या दिवशी रिशारलाच रेडिओवरून शांततेचं आवाहन करावं लागलं. त्या हंगामात सर्वाधिक गुणांचा (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) मान त्याच्याच संघातल्या जेफ्रियाँने, बंदीमुळे बाहेर बसलेल्या रिशारला एका गुणाने मागे टाकून मिळवला, तर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली! क्वेबेकमधल्या (मॉन्ट्रियल ज्या फ्रेंचभाषक प्रांतात आहे तो) पुढच्या सगळ्या राजकीय जागृतीचं मूळ या रात्रीत सापडतं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मला ते थोडं ताणलेलं वाटतं, पण अगदीच खोटं नाही.

त्यानंतर 1956 ते 1960 सलग पाच वर्षं स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, कॅनेडियन्सकडे. एकूण 24 वेळा. दुसऱ्या नंबरवरच्या टोरांटोकडे 13. आपल्याकडे रणजीमध्ये मुंबईचं जे आहे, तसंच काहीसं.

त्या संघातला माझा आवडता गोलरक्षक जाक प्लाँत. फावल्या वेळात लोकरीच्या टोप्या विणणारा हा माणूस. 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये पक, म्हणजे ती कडक रबराची चकती, थेट त्याच्या तोंडावर आदळली. टाके घालून झाल्यावर तो म्हणाला, मुखवट्याशिवाय परत उतरणार नाही. मुखवटा म्हणजे भेकडपणा, असा तेव्हा समज. प्रशिक्षक टो ब्लेकनाही तो मंजूर नव्हता. पण बाकावर दुसरा गोलरक्षकच नसायचा, करतात काय? प्लाँत मुखवटा लावून खेळला, संघ 3-1 ने जिंकला, आणि आज मुखवट्याशिवाय गोलरक्षक शोधूनही सापडणार नाही.

जाँ बेलिव्होचा किस्सा वेगळाच. तो क्वेबेक शहरातल्या संघात रमला होता, मॉन्ट्रियलला यायला तयार होईना. तेव्हा क्लबाने तो ज्या लीगमध्ये खेळायचा ती अख्खी लीगच विकत घेतली. खेळाडू म्हणून त्याने 10 कप जिंकले. पुढे 1994 मध्ये देशाचं गव्हर्नर जनरलपद चालून आलं, ते त्याने नातींसाठी वेळ हवा म्हणून नाकारलं.

गी लाफ्लर या होतकरू खेळाडूला मिळवायला व्यवस्थापक सॅम पोलॉकने कॅलिफोर्नियाच्या संघाकडून त्यांचा 1971 चा पहिला निवडहक्क, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याची त्यांची पहिली पाळी, आधीच घेऊन ठेवला होता. तळाच्या संघाला सगळ्यांत आधी निवड मिळायची, म्हणून तो संघ तळाला राहिला तरच फायदा. तळाशी त्यांची लॉस अँजेलिसशी चुरस दिसू लागली, तेव्हा पोलॉकने आपला चांगला खेळाडू लॉस अँजेलिसला देऊन टाकला! डाव साधला. लाफ्लर, गोलरक्षक केन ड्रायडन आणि मंडळींनी 1976-77 मध्ये 80 पैकी फक्त 8 सामने गमावले.

शेवटचा कप 1993 चा, पॅट्रिक रुआ गोलमध्ये असताना. दोनच वर्षांनी डेट्रॉइटने घरच्या मैदानावर 11-1 ने धुतलं. नऊ गोल खाईपर्यंत प्रशिक्षकाने रुआला बाहेर काढलं नाही. तो क्लबाच्या अध्यक्षांना सर्वांसमोर म्हणाला, हा माझा इथला शेवटचा सामना. चार दिवसांत त्याला कोलोरॅडोला पाठवलं आणि त्याच हंगामात कोलोरॅडोने कप जिंकला. 2021 मध्ये कॅनेडियन्स अंतिम फेरीत पोचले, हरले. बस, एवढंच.

बाकीचं मला आमच्या शेजारच्या आजोबांकडून कळलं. इमारतीमागच्या बागेत नगरपालिकेचे लोक रात्री पाइपने पाणी मारून रिंक (स्केटिंगसाठी बर्फाचं मैदान) करतात, तिथे त्यांनीच मला स्केट्स घालायला शिकवलं. लेस इतक्या करकचून ओढायचे की पाय बधिर व्हायचे. 1955 ला ते आठ वर्षांचे. वडिलांनी बंदीची बातमी ऐकली, रेडिओ बंद केला आणि जेवले नाहीत, एवढंच त्यांना आठवतं.

11 मार्च 1996 ला फोरममधला शेवटचा सामना झाला. समारंभात 74 वर्षांचा रिशार बर्फावर आला आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवत राहिले. तो हात वर करून थांबायला सांगत होता, डोळे पुसत होता, पण टाळ्या कित्येक मिनिटं थांबेनात. आजोबा घरी टीव्हीसमोर उभे होते. स्वयंपाकघरात सूप करपलं, तरी ते आत गेले नाहीत.