20 महिन्यांचा मुलगा झाकणं फिरवतो, चपला ओळीनं मांडतो. हा ऑटिझम (स्वमग्नता) असेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा दिवसभर डब्यांची झाकणं गरगर फिरवतो, घरातल्या सगळ्या चपला ओळीनं मांडतो, आनंद झाला की हात फडफडवतो, आणि मोबाईलवर वाचल्यापासून तुमच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात 16 वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. डॉक्टर नाही. पण आमच्या एकाच घरात अशी दोन लेकरं वाढली, म्हणून लिहिते.

माझा मुलगा दोन वर्षांचा असताना तासन्‌तास चिंचोके मांडत बसायचा. रांग ओसरीतून निघायची ती न्हाणीपर्यंत. एक चिंचोका कोणाच्या पायानं सरकला की घर डोक्यावर. सासूबाई म्हणायच्या, "या पोट्ट्याले काय झालं वं माय!" आज तो नववीत आहे, त्याला काहीही नव्हतं. या वयात लेकरं तेच तेच करूनच शिकतात. झाकण पुन्हा फिरवलं तर पुन्हा तसंच फिरतं का, हे त्यांना शंभरदा पाहायचं असतं. आनंदानं हात फडफडवणंही पुष्कळ धडधाकट मुलांत दिसतं.

माझ्या जावेचा मुलगा त्याच्याहून नऊ महिन्यांनी लहान. तोही बंडीच्या चाकापाशी बसून राहायचा. वरवर पाहिलं तर दोघं सारखेच. फरक चाकात नव्हता. माझ्या मुलाची रांग पुरी झाली की तो मान वर करून मला शोधायचा, पदर धरून ओढत न्यायचा, बोटानं दाखवायचा. जावेचा मुलगा वळून पाहायचा नाही. हाकेला ओ नाही, पण बिस्किटाचा पुडा फाडला की पलीकडच्या खोलीतून धावत यायचा. काही हवं असलं की आमचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा, तोंडाकडे मात्र बघायचा नाही. दीड वर्षाचा असताना "माय", "भू" म्हणायचा, तेही शब्द हळूहळू गेले.

तरी आम्ही थांबलो. "याचा बापही उशिराच बोलला" असं सगळे म्हणाले, एका डॉक्टरांनीही वाट पाहा म्हटलं. आरोग्य पथक गावात यायचं तेव्हा जाऊ कापूस वेचायला गेलेली असायची, मुलगा घरीच राहायचा. दर महिन्याला त्याचं वजन मीच करत होते. वजन तक्त्यातल्या हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ठीक, म्हणून मी निर्धास्त. त्याची नजर कुठं असते ते मी पाहिलंच नाही. साडेचार वर्षांचा झाल्यावर ऑटिझमचं निदान झालं. ती वर्षं गेली याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणूनच तुम्हाला इतकं लांबलचक लिहितेय.

तेव्हा झाकणं मोजू नका, आठवडाभर मुलाला बघा. अंगणात बगळा उतरला आणि तुम्ही बोट दाखवलं, तर तो बोटाच्या दिशेनं बगळ्याकडे बघतो का? आवडलेली वस्तू नुसती दाखवायला म्हणून तुमच्याकडे आणतो का? नावानं हाक मारली की वळतो का? रिकाम्या कपातला खोटा खोटा चहा पितो का? हे बहुतेक होत असेल तर जीव थोडा हलका करा. होत नसेल तर थांबू नका. आणि आलेले शब्द किंवा हसणं जात असेल, तर मूल कितीही महिन्यांचं असो, लगेच दाखवा.

कुठं? तुमच्या सेविकेला विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची तपासणी करणारं सरकारी पथक कधी येणार. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला, पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तारीख लांब असेल तर थेट जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र विचारा, तिथं वाढीत मागं पडलेल्या लेकरांची तपासणी आणि उपचार होतात. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी 20 प्रश्नांची एम-चॅट नावाची चाचणी असते. तिच्यात गुण जास्त आले म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही, पुढं नीट तपासायचं एवढंच. कानाची तपासणी आवर्जून करून घ्या. आम्हीही बिस्किटाच्या पुड्यावर विसंबलो होतो, पण तेवढ्यानं कान चांगले आहेत असं ठरत नाही. जाताना मुलाच्या खेळण्याचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ न्या, नव्या जागी लेकरू नुसतं रडतं आणि डॉक्टरांना काही दिसत नाही.

कोणी म्हणेल आईनं ग्रहण पाळलं नाही, कोणी म्हणेल लसीनं झालं. लसीवर संशय घेणारा 1998 चा लेख ज्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्यानंच तो 2010 मध्ये मागे घेतला. लसी चुकवू नका, आणि स्वतःला दोष देऊ नका.

जावेचा मुलगा आता 14 वर्षांचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, छोटी छोटी वाक्यं बोलतो, स्टँडवरच्या प्रत्येक एसटीची वेळ त्याला पाठ आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळं त्याचं प्रमाणपत्रही निघालं.

तपासणी होईतोवर मुलाच्या हातातली झाकणं हिसकावू नका. शेजारी बसा, तुम्हीही एक झाकण फिरवा. तो तुमच्या तोंडाकडे बघतो का, ते मला इथंच कळवा.