‘एच१एन१’मधला एन आणि मेंदू

प्रश्न असा आला आहे: ‘एच१एन१’मधला एन म्हणजे न्यूरामिनिडेझ (विषाणूच्या पृष्ठभागावरचं एक विकर, म्हणजे एन्झाइम), मग फ्लूचा विषाणू मज्जातंतूंवर जातो का? प्राण्यांच्या श्वासमार्गात हा एन करतो तरी काय?

या नावाचा आजाराच्या मेंदूवरील परिणामाशी काडीचाही संबंध नाही. तरी दर साथीत कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘न्यूरो म्हणजे मेंदूचंच काहीतरी असणार.’ ऐकून कान किटले.

पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाच्या सायलिक आम्लाला विषाणूचा एच (हीमॅग्लुटिनिन हे प्रथिन) चिकटतो आणि एन तेच टोक छाटतो. आता नावाची गंमत. हे आम्ल १९३६मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे गुन्नार ब्लिक्स यांना गाईगुरांच्या लाळग्रंथीतल्या श्लेष्मात सापडलं. ग्रीक ‘सिआलॉन’ म्हणजे लाळ, त्यावरून सायलिक. १९४१मध्ये जर्मनीत एर्न्स्ट क्लेंक यांना त्याच कुळातलं आम्ल मेंदूतल्या मेदद्रव्यांत मिळालं, म्हणून न्यूरामिनिक. आणि या नावामागचा ग्रीक ‘न्यूरॉन’ हा आपल्या ‘स्नायू’चा सख्खा भाऊबंद! मूळ अर्थ दोन्हीकडे एकच: शिरेसारखा चिवट दोर, धनुष्याची दोरीसुद्धा. पुढे ग्रीक शरीरशास्त्रज्ञांनी तो शब्द मज्जातंतूंना लावला, मराठीत स्नायू मांसपेशींकडे गेला.

१९५७मध्ये ब्लिक्स, जीवरसायनशास्त्रज्ञ गॉट्शाल्क आणि क्लेंक या तिघांनी मिळून ठरवलं की कुळाचं नाव सायलिक, न्यूरामिनिक हे फक्त मूळ सांगाड्याचं. पण त्याच वर्षी गॉट्शाल्क यांनीच विकराला नाव दिलं न्यूरामिनिडेझ! तो छाटतो सायलिक आम्ल, तेव्हा नाव सायलिडेझच हवं. विकरांच्या अधिकृत यादीतही तेच आहे. ‘रूढ झालंय, राहू द्या’ म्हणणारे विषाणूतज्ज्ञ मला मुळीच पटत नाहीत. मराठीत तर संस्कृत ‘लाला’वरून थेट ‘लालाम्ल’ म्हणावं. लाळ कुणाला समजावून सांगावी लागत नाही, आणि मेंदूचा घोळही संपतो.

राहिला श्वासमार्ग. पक्ष्यांना होणारे फ्लू लालाम्लाची २-३ जोडणी (त्याचा दुसरा कार्बन शेजारच्या शर्करेच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेला) पसंत करतात, माणसाचे २-६ (सहाव्याला जोडलेला). डुकरात दोन्ही आढळतात. फेरेट या मुंगसासारख्या छोट्या प्राण्याच्या श्वासमार्गात माणसासारखीच २-६ भरपूर, म्हणून फ्लूच्या प्रयोगांत तोच. संसर्गात एन टोकं छाटतो तेव्हा खालची गॅलॅक्टोज ही शर्करा उघडी पडते. शेंगदाण्यातलं लेक्टिन (शर्करांना चिकटणारं प्रथिन) अशाच उघड्या टोकाला धरतं, त्यामुळे ही छाटणी प्रयोगशाळेत दिसते. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूला मात्र चिकटायला जागा मिळते, वर सुटलेलं लालाम्ल खायला. फ्लूपाठोपाठ न्यूमोनिया का बळावतो, त्याचं हे एक कारण.

फेरेटच्या फुप्फुसांत आणखी एक बदल दिसला आहे: मॅनोज ही शर्करा जास्त असलेल्या साखळ्या वाढतात, आणि आजार जितका तीव्र तितक्या त्या अधिक. हे छाटणीचं फळ नाही; त्या साखळ्या संसर्ग झालेलं शरीर स्वतःच घडवतं.